गाळलेली शून्यं

४ मार्च

ती. मामा,

नमस्कार. मामीला वेगळा नमस्कार, कारण एकाच नमस्कारात दोघांना बसवलं की ती रुसते.

तुम्ही मागे विचारलंत, "एवढं शिकून तू तिथे नक्की करतेस काय?" आईने तर शेजारी सांगून टाकलंय की मी औषधं बनवते. मामा, मी औषधाला हातसुद्धा लावत नाही. फोनवर सांगितलं असतं, पण लिफ्टच्या मोटारींनी तुमचे कान खाल्लेत. मी ओरडून समजावायला लागले तर इथल्या सगळ्या मजल्याला कळेल की मला अजून नीट समजावता येत नाही. म्हणून पत्र.

माणूस गोळी गिळतो. ती पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात शिरते आणि मग शरीर तिला हळूहळू बाहेर काढतं. नवीन गोळी आली की काही धडधाकट माणसांना, त्यांच्या राजीखुशीने, ती देऊन बघतात. ठरलेल्या वेळांना त्यांचं रक्त काढायचं आणि त्यात औषध किती आहे ते मोजायचं. प्रत्येक मोजणी म्हणजे कागदावरचा एक ठिपका. ठिपके थोडेच असतात, कारण माणसाच्या दंडाला दिवसभर सुया टोचत बसता येत नाही. दोन ठिपक्यांच्या मध्ये काय झालं असेल ते आमचं सॉफ्टवेअर गणिताने शोधतं आणि सगळ्यांमधून एक रेघ काढतं. रेघ टेकडीसारखी दिसते: चढ, माथा, उतार. टेकडी फार उंच असली तर औषध बाधतं, फार बुटकी असली तर लागू पडत नाही. ती टेकडी बरोबर काढायची, हे माझं काम.

आणि तेच सध्या अडलंय. बहुतेकांच्या रेघा छान निघतात. काही जणांच्या बाबतीत सॉफ्टवेअर चक्क लाल ओळ दाखवतं, "उत्तर जुळत नाही." औषध रक्तात कोणत्या वेगाने शिरलं, तो आकडा आभाळाला भिडतो आणि गाडी ठप्प. आमच्या प्रमुख बाईंनी ही दुरुस्ती माझ्यावर सोपवली आहे. मी अजून कच्ची नोकर, कायम न झालेली. महिनाअखेर अहवाल जायचा आहे, आणि त्यावर पुढची फेरी ठरणार आहे, खऱ्या रुग्णांवरची.

औषध झटक्यांवरचं आहे, एवढंच सांगते. नाव सांगायची बंदी आहे. मामीला झटका आला की तिचं डोकं मांडीवर घेऊन मी तुमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसायचे, आणि मला काहीसुद्धा करता यायचं नाही. तेव्हा मनाशी जे ठरवलं होतं, त्याच्या जवळपास मी आता पोचले आहे. म्हणून ही लाल ओळ मला इतकी टोचते.

तुमची,
गुंडी

१२ मार्च

गुंडे,

माझा आशीर्वाद आणि मामीकडून एक टपली. आशीर्वाद मोठा की टपली, ते तू ठरव.

पत्र दोनदा वाचलं. टेकडी समजली. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, आमची भाची टेकड्या काढते. लोक समजतात चित्रकार झाली.

सॉफ्टवेअर अडलं तर आमच्या धंद्यातला पहिला उपाय कर. बंद कर, दहा अंक मोज, चालू कर. निम्म्या लिफ्टा एवढ्यानेच सुटतात. उरलेल्या निम्म्यांत कुणीतरी दारात पाय घालून उभं असतं आणि वर आपल्यालाच विचारतं, लिफ्ट का हलत नाही हो?

आता खरी बातमी. मामीच्या डॉक्टरांनी नवीन गोळी सुचवली आहे. दिवसातून एकच! आता तीन वेळा घ्यावी लागते आणि त्याने ती दिवसभर पेंगत असते. तुला माहीतच आहे, मशीनवर एकटीने बसायची तिला बंदी. मी घरी असलो तरच शिवते, आणि मी घरी असतो कधी? गेल्या महिन्यात एका बाईचं पोलकं न शिवताच परत पाठवावं लागलं. त्या दिवसापासून तिने मशीनवर चादर टाकली आहे, कुणी गेल्यासारखी. ही एक गोळी लागू पडली तर चादर निघेल, म्हणते.

गोळी अजून बाजारात नाही. इस्पितळात काही रुग्णांवर बघणार आहेत. लांबट, फिक्या रंगाची. जेवून घ्यायची, कारण उपाशीपोटी मामीला मळमळतं. डॉक्टर म्हणाले, जेवणानंतरचाही एक गट आहे, त्यात बसवू. काय गं, ही तुमचीच तर नव्हे? असली तर मामी म्हणते, आमची पोरगी टेकडी काढतेय, मग काय भीती!

मामा

१८ मार्च

ती. मामा,

बंद केलं, दहा अंक मोजले, चालू केलं. सॉफ्टवेअर पुन्हा त्याच माणसांवर अडलं. मग जुनी आवृत्ती घालून पाहिली. गणिताला सुरुवातीला एक अंदाज द्यावा लागतो, तो बदलून पाहिला, शंभर वेगळे दिले. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी, ज्याला सगळे चष्मिष म्हणतात, त्याच्या संगणकावर चालवून पाहिलं. तो म्हणाला, "तुझी नजर लागली असेल, मी एकटा चालवतो." त्याच्याकडेही लाल.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. अडणारी सगळी माणसं एकाच फेरीतली आहेत. गोळी खाऊन झाल्यावर घेतलेल्यांची फेरी. उपाशीपोटी घेतलेल्यांपैकी एकही अडत नाही.

मी बाईंना दाखवलं. बाई फार हुशार आहेत, मामा. मला इथे त्यांनीच घेतलं, आणि आपल्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नाही हे कळल्यावर एकदाही त्याचा उल्लेख केला नाही. त्या म्हणाल्या, "उपाशीपोटीच्या फेरीतून जो वेग मिळालाय तोच यांनाही दे आणि पुढे जा. गोळी तीच आहे. सॉफ्टवेअरचे लाड किती करायचे?"

मी तसं केलं. सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. चष्मिषने टाळी दिली, मीही दिली. पण जो आकडा सॉफ्टवेअरला सापडत नव्हता तो आपण त्याच्या घशात कोंबला आणि मग ते गप्प बसलं, असं काहीतरी मला वाटत राहिलंय.

मामीच्या गोळीबद्दल विचारलंत. मामा, मला त्यावर बोलता येत नाही. हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. कामावर लागताना तशी सही केली आहे. पण सही करायच्या आधी जरा थांबता आलं तर थांबा. महिनाभर. एवढंच.

गुंडी

२६ मार्च

गुंडे,

थांबा? कशासाठी? कुणासाठी?

पहिल्या पत्रात तू मला टेकडी समजावलीस, तेव्हा मी चार माणसांना वाचून दाखवलं. आता साधा प्रश्न विचारला तर हो नाही, नाही नाही. अक्षर आमच्या गुंडीचं, पण भाषा कुठल्यातरी साहेबाची. लिफ्टमध्ये माणसं अडकली की आमचे साहेब असंच बोलतात, "तपास चालू आहे." आत माणूस घामाघूम झालेला असतो.

तुझं पत्र वाचून मामी म्हणाली, "पोरीला वाटतंय मी घाबरेन." मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, पोरीला वाटतंय या अडाण्यांना काय कळतंय, डॉक्टर म्हणेल तिथे अंगठा देतील. आम्ही अंगठा दिलेला नाही. मामीने कागद वाचला, तीन प्रश्न विचारले आणि सही केली. चांगली लांबलचक सही केली.

सोमवारी, सात तारखेला, तिला इस्पितळात दाखल करतील. सकाळचं खाणं झालं की पहिली गोळी. रात्र तिथेच. तुला काही सांगायचं असेल तर माणसासारखं सांग. नसेल तर निदान थांबा म्हणू नकोस. बारा वर्षं थांबलीच आहे ती.

मामा

३ एप्रिल, गुरुवार

ती. मामा,

माणसासारखं सांगते. आकडा एकही लिहीत नाही, पण झालेली गोष्ट लिहिते. हे पत्र लिहिलं हे उद्या बाईंना सांगणार आहे. मग माझं काय व्हायचं ते होवो.

मामीला पाठवू नका.

तुमचं पत्र लागलं मला. म्हणून अडलेल्या माणसांपैकी एकाचा, प्रयोगशाळेकडून आलेला मूळ तक्ता काढला आणि मी सॉफ्टवेअरला जी फाईल देते तिच्याशेजारी ठेवला. मूळ तक्त्यात ओळी जास्त होत्या. दुसऱ्याचा काढला. तिथेही तेच. गायब झालेली प्रत्येक ओळ शून्याची होती.

मामा, असं आहे. रक्तात औषध मोजण्याइतकंही नसलं की प्रयोगशाळा शून्य लिहिते. आमच्या गणिताला शून्य चालत नाही, ते तिथेच कोसळतं. म्हणून आमच्या विभागात फार पूर्वीपासून एक छोटा प्रोग्रॅम आहे, जो फाईल सॉफ्टवेअरकडे जाण्याआधी शून्याच्या ओळी गाळून टाकतो. सगळे तोच वापरतात. तांदळातले खडे काढावेत तसं. शून्य म्हणजे काही नाही, मग ठेवून करायचं काय?

पण ते खडे नव्हते. खाऊन गोळी घेतलेल्यांची सगळी सकाळ शून्य होती. गोळी भरल्या पोटात नुसती पडून होती, आणि नंतर कधीतरी एकदम फुटली. आम्ही सकाळ पुसून टाकली आणि वर उपाशीपोटीचा वेग कोंबला, त्यामुळे सॉफ्टवेअरने औषध पहिल्यापासून सावकाश चढत होतं असं दाखवलं. तुमच्या भाषेत सांगायचं तर, लिफ्ट मजल्यामजल्याला थांबत वर गेली असं आम्ही धरलं. खरं तर ती तळाला अडून उभी होती आणि मग एका झटक्यात गच्चीला जाऊन आदळली. सॉफ्टवेअर बिघडलेलं नव्हतंच. ते ओरडून सांगत होतं की एवढ्या थोड्या वेळात एवढा चढ कसा? आम्ही त्याचं तोंड बांधलं.

"मोजता येईल त्यापेक्षा कमी" असं सांगायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. शून्यांच्या जागी तसं सांगून मी पुन्हा चालवलं. एकही लाल ओळ आली नाही. पण टेकडीचा माथा महिनाअखेर गेलेल्या आमच्या अहवालातल्यापेक्षा कितीतरी उंच निघाला, आणि तो दुपारी आहे. मूळ वेळापत्रक सावकाश विरघळणाऱ्या गोळीसाठी आखलेलं, त्यामुळे दुपारी बाराला रक्त काढतात आणि मग थेट चारला. माथा बरोबर त्या फटीत. तो कुणी पाहिलेलाच नाही.

मी धावत बाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही चित्रं बघितली. मग विचारलं, "हे तू कुणासाठी शोधत होतीस?"

"सगळ्यांसाठी."

"आणि?"

खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "माझी मामी पुढच्या फेरीत आहे, बहुधा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुला भीती आहे, आणि भीतीला शिखर दिसतंच. त्या फटीत कुणाचं रक्त आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"मग हे शिखर नाही, शिखराची शंका आहे. मी ती सुरक्षा समितीकडे पाठवते, त्यांची बैठक पुढच्या शुक्रवारी आहे. ही फाईल आजपासून तुझ्याकडे नाही. चष्मिष सगळं पहिल्यापासून करेल, आणि तुझं उत्तर काय आलं ते त्याला सांगायचं नाही."

शुक्रवार! मामीचा सोमवार आहे.

मग मी मामीला फोन लावला. म्हटलं, जाऊ नकोस. ती हसली. "तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसायचीस ना, तेव्हाची भीती अजून गेली नाही बघ तुझी. मी सही केलीय. आता मागे फिरले तर पुन्हा त्या चादरीखालीच." तिला टेकड्या, शून्यं, काही सांगता आलं नाही मला. रडूच आलं, आणि त्यामुळे तिची खात्रीच पटली की मी भित्री आहे.

हे पत्र जलद टपालाने टाकतेय. सोमवारच्या आत मिळो. मिळालं की तिला वाचून दाखवा. मी अडाणी कुणालाच म्हटलं नव्हतं, मामा.

गुंडी

९ एप्रिल, बुधवार

गुंडीस,

काल संध्याकाळी घरी आलो. तुझं पत्र दाराच्या आत पडलं होतं. शेजारणीने सोमवारी दुपारी सरकवलं म्हणे.

सोमवारी सकाळी मामीने खाल्लं, गोळी घेतली. दर थोड्या वेळाने रक्त काढत होते. ती खुशीत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या झग्याची शिवण बघून म्हणाली, हे कुणी शिवलं, दात घासायच्या ब्रशाने? बाराचं रक्त दिलं. नर्स म्हणाली, आता चारपर्यंत सुट्टी. ती म्हणाली, मग मी जरा फिरून येते. मी बाकावर बसलो होतो. ती माझ्याकडे येत होती. मध्येच तिचे डोळे भलतीकडेच बघायला लागले, आणि उभ्या उभ्या कोसळली. झटका नव्हता. झटका मी ओळखतो. हे काही वेगळंच होतं, दारू चढल्यासारखं. शब्द लडबडत होते. उजवं मनगट अंगाखाली आलं. मोडलं.

नर्सने तिथे फरशीवरच तिचं रक्त काढून घेतलं. आधी सलाईन नाही, आधी रक्त. मी भांडलो तिच्याशी.

मनगटाला प्लास्टर आहे. उजवा हात. तिचा शिवणाचा हात.

तुला मार्चमध्येच काहीतरी माहीत होतं. थांबा म्हणालीस, कारण नाही सांगितलंस. मी तुझ्या पत्रात साहेब शोधत बसलो आणि तू खरंच साहेबासारखीच वागलीस. दोघांचंही चुकलं, पण हात तिचा मोडला.

मामा

१० एप्रिल, गुरुवार

ती. मामा,

तुमचं काहीच कळलं नाही, म्हणजे माझं पत्र वेळेवर मिळालं आणि मामी घरीच आहे, असं धरून चाललेय. आज इथे जे झालं ते आधी सांगते, माझ्या पोटात मावत नाहीये.

चष्मिषने माझं उत्तर न बघता सगळं पहिल्यापासून केलं. शून्यं ठेवून. काल त्याची रेघ निघाली. त्याने फक्त मान वर केली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "तुझाही माथा एवढाच उंच होता का गं?" बाईंनी दोन्ही रेघा एकावर एक धरल्या. माथ्यावर माथा! तरी त्या म्हणाल्या, "अजूनही त्या फटीत ठिपका नाही."

आणि आज सकाळी एका इस्पितळाकडून पहिल्या रुग्णांचे आकडे आले. नावं नसतात, फक्त क्रमांक. एका रुग्णाच्या तक्त्यात एक ओळ जास्तीची होती, वेळापत्रकात नसलेली, बारा आणि चारच्या मधली. आमचा तो प्रोग्रॅम असल्या ओळीही गाळतो. चष्मिषने या वेळी तो चालवलाच नाही. त्याने ठिपका चित्रावर टाकला. मामा, तो आमच्या रेघेवर पडला. जवळपास नाही, रेघेवरच!

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. बाई उभ्याच होत्या. त्यांनी पडद्यावरच्या त्या ठिपक्याला बोट लावलं आणि हळूच म्हणाल्या, "शून्यं गाळायला मीच शिकवलं सगळ्यांना." मग तिथूनच समितीला फोन केला. शुक्रवारची वाट पाहिली नाही. दुपारच्या आत सगळ्या इस्पितळांत जेवणानंतरची गोळी थांबली. माणसं वाचली, मामा. किती ते मला माहीत नाही, पण वाचली.

एवढं लिहिलं आणि चष्मिष तक्त्याची छापील प्रत घेऊन आला. म्हणाला, "शेरा वाचलास का?" मी नुसता आकडाच पाहिला होता. शेरा असा आहे: स्त्री, भोवळ येऊन पडली, मनगटाला इजा. दिवस सोमवार.

मामीचा फोन बंद आहे. तीनदा लावला.

मामा, ती घरीच आहे ना? त्या दिवशी फोनवर मी तिला आणखी एक गोष्ट बोलले होते, ती तुम्हाला लिहिली नाही. तिने तसं केलं असेल तर

लगेच कळवा. नुसतं "घरी आहे" एवढं लिहा.

गुंडी

१७ एप्रिल

गुंडे,

तोंड माझं, हात मामांचा. माझा हात सध्या पांढराशुभ्र आणि बिनकामाचा आहे. मामा लिहिताना मध्ये स्वतःचं घालतात, तिकडे लक्ष देऊ नकोस. (मी काही घालत नाही. मामा.)

दोन पत्रं आली तुझी, दोन्ही वाचून घेतली. दुसरं वाचताना मामांना घसा खाकरायला दोनदा उठावं लागलं. (धूळ होती.)

तर तू फोनवर काय बोललीस ते मी सांगते, कारण तू सांगणार नाहीस. तू रडत म्हणालीस, "जातेसच तर एक कर. दुपारी काहीही वेगळं वाटलं तर वेळ झाली नाही म्हणून थांबू नकोस. त्याच क्षणी रक्त काढायला लाव." मी म्हटलं, बरं बाई. मला वाटलं, घाबरलेल्या पोरीची समजूत. पण पडले तेव्हा डोक्यात सगळं फिरत असताना नेमकं तेच राहिलं. नर्स हात सरळ करायला बघत होती, मी दुसरा हात पुढे केला. म्हटलं, आधी रक्त काढ. जीभ वळत नव्हती, तरी तिला कळलं. मामा तिच्याशी भांडले, भांडायचं होतं माझ्याशी.

आता मामांचं म्हणणं असं, की तुला ठिपका हवा होता आणि तू मला त्यासाठी वापरलंस. मी तिच्या हाताचं बोलतोय आणि ती टाळ्यांचं लिहिते, म्हणाले. (म्हणालो. खोडणार नाही.) मी त्यांना म्हटलं, वापरलं तर वापरलं, वाया तर नाही घालवलं. इतकी वर्षं माझ्या आजाराचा कुणाला काही उपयोग झाला नव्हता. पडायचं, उठायचं, लाजायचं. या वेळी पडले आणि कुठेतरी दुसऱ्या बायकांना गोळी दिली गेली नाही.

पण मी विचारते, आणि तू खरं सांग. ते वाक्य तू माझ्यासाठी बोललीस की चित्रासाठी? राग नाही. जाणून घ्यायचंय.

मामी

(ती झोपली. मनगट जुळेल म्हणतात, सहा आठवडे. टाळ्यांचा राग अजून आहे मला. पण तुझं पत्र वेळेवर माझ्या हाती पडायला हवं होतं, घरी कुणीच नव्हतं, त्यालाही मीच जबाबदार. मामा.)

२४ एप्रिल

प्रिय मामी, ती. मामा,

तुझा प्रश्न वाचून मी सात दिवस उत्तर लिहीत होते आणि फाडत होते, असं लिहिणार होते. खरं म्हणजे पत्र कालच मिळालं आणि एकाच बैठकीत लिहायला बसले, कारण जास्त विचार केला तर मी स्वतःला चांगली ठरवून मोकळी होईन.

बाईंनी विचारलं होतं, त्या फटीत कुणाचं रक्त आहे का? ते डोक्यात घेऊनच मी तुला फोन केला. जाऊ नकोस, हे तुझ्यासाठी बोलले. तू ऐकत नाहीस हे कळल्यावर पुढचं वाक्य तोंडातून आलं, आणि ते आलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुझा चेहरा होता का ती फट होती, मला सांगता येत नाही, मामी. दोन्ही असतील. डॉक्टरांना लगेच कळावं, हेही खरं होतं. पण टाळ्या मी ठिपक्यासाठीच वाजवल्या. मामांचा राग बरोबर आहे.

बाईंना सगळं सांगितलं. पत्र लिहिलं ते, फोनवर बोलले ते, ती रुग्ण माझी मामी आहे ते. त्या म्हणाल्या, "यातलं एक चुकलंय, एक चुकलेलं नाही, आणि एक तुझ्या हातात नव्हतं. कुठलं कुठलं ते तुझं तू ठरव." मला लेखी समज मिळाली आहे आणि कच्च्या नोकरीचा काळ वाढला आहे. या औषधाची कुठलीही फाईल मला आता उघडता येणार नाही. हे बरोबरच आहे. तो प्रोग्रॅम बाईंनी स्वतः बंद केला. यापुढे कुठलीही ओळ माणसाने बघितल्याशिवाय आणि कारण लिहिल्याशिवाय गाळायची नाही.

गोळीचं वरचं आवरण बदलून नवीन फेरी होईल, पण वर्ष तरी जाईल. त्यात दुपारीही रक्त काढणार आहेत, आणि त्या वेळात कुणाला एकटं फिरू द्यायचं नाही, खाटेजवळ माणूस बसला पाहिजे. हा नियम सुचवायला मला बंदी नव्हती. बाईंनी तो शब्दही न बदलता पुढे पाठवला.

म्हणजे तुला अजून जुन्याच तीन गोळ्या, आणि पेंग, आणि चादर. तू जे मिळवायला गेली होतीस ते मिळालं नाही. हे मला कुठल्याच वाक्यात गोड करता येत नाही.

प्लास्टर निघायच्या दिवशी मी येतेय, साठलेली सगळी रजा घेऊन. त्या बाईचं पोलकं परत मागवून ठेव. मशीनवर एकटीने बसायची तुला बंदी आहे. दोघींनी बसायची नाही. मशीनचं बटण माझ्या हातात राहील, शिवायचं तू. आणि दुपारी, बारा ते चार, मी कुठेही जाणार नाही.

तुमची,
गुंडी